मुलाला स्कूल बसने पाठवताय? आधी बसचं दार नीट बघून घ्या

शाळा उघडायला आठवडा राहिला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बसची फी किती वाढली, एसी आहे का, आपल्या गेटला किती वाजता येणार, परतीला पोरं घरी कधी पोचणार याच्यावर ढीगभर मेसेज पडतात. विचारायलाच पाहिजे हे सगळं. पण बस थांबल्यावर मूल कुठल्या बाजूला उतरणार आणि तिथे त्याचा हात कोण धरणार हे फार कमी जण विचारतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. सीटवर बसलेलं मूल बऱ्यापैकी सुरक्षित असतं, त्याच्या भोवती पत्रा असतो, लक्ष द्यायला मावशी असतात. चढताना आणि उतरताना मात्र ते पाठीवर दप्तर घेऊन एका मोठ्या गाडीच्या चाकाजवळ एकटं उभं असतं, बाजूने टू व्हीलर सुसाट जात असतात, आणि नेमकं त्याच वेळी आपण मोठी माणसं फोनमध्ये असतो. म्हणून हा लेख लांबला तरी चालेल पण त्या एक-दोन मिनिटांबद्दल जास्त लिहिणार आहे. बाकीचं पटापट सांगते. नियम महाराष्ट्रातले धरलेत, दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले बघून घ्या.

आधी गाडी बघा

गाडीचा नंबर घ्या आणि एमपरिवहन ॲपवर टाका. फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी यांच्या तारखा तिथे दिसतात. फिटनेस म्हणजे ज्याला सगळे पासिंग म्हणतात ते, गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं, म्हणजे जुनी बस असेल तर तारीख जास्तच काळजीने बघा. नंबरप्लेट पिवळी पाहिजे, काळ्या अक्षरांची (इलेक्ट्रिक असेल तर हिरवी प्लेट आणि पिवळी अक्षरं). पांढरी प्लेट म्हणजे खाजगी गाडी, तिच्यातून पैसे घेऊन मुलं नेता येत नाहीत, आणि उद्या काही झालं तर क्लेमच्या वेळी इन्शुरन्स कंपनी हेच कारण पुढे करते. "काका खूप चांगले आहेत हो" हे खरं असेलही, काका चांगले असण्याचा आणि इन्शुरन्सचा काही संबंध नाही.

महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून वेगळे नियम आहेत, आणि त्याच्याही आधी १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या वाहतुकीच्या केसमध्ये शाळेच्या बसबद्दल निर्देश दिले होते, आज शाळा ज्या गोष्टी पाळतात त्यातल्या बऱ्याच तिथूनच आल्यात. गाडी पिवळी, पुढे-मागे स्कूल बस लिहिलेलं, शाळेचं नाव आणि फोन नंबर, खिडक्यांना आडव्या दांड्या, फर्स्ट एड बॉक्स, आग विझवायचं सिलिंडर, दाराला नीट लागणारं लॉक, दप्तरं ठेवायला जागा, स्पीड गव्हर्नर (गाडी ठराविक वेगापुढे जाऊ न देणारं यंत्र), आणि ड्रायव्हरला जड वाहनाचा किमान ५ वर्षांचा अनुभव. शिवाय गाडीत अटेंडंट पाहिजे, मुली असतील तर बाई पाहिजे.

हे सगळं कागदावर प्रत्येक बसमध्ये असतं म्हणून एकदा स्वतः गाडीत चढून बघा, लाजू नका, फी आपण भरतो. आग विझवायच्या सिलिंडरवर छोटा काटा असतो तो हिरव्या पट्ट्यात पाहिजे. फर्स्ट एड बॉक्स उघडून बघा, आत कापूस आहे की नुसत्या जुन्या पावत्या. इमर्जन्सी दार तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा, खरोखर उघडायला सांगा, कारण बऱ्याच गाड्यांत त्या दारासमोर स्टेपनी किंवा दप्तरांचा ढीग असतो, नाहीतर हँडल इतकं घट्ट बसलेलं असतं की मोठ्या माणसालाही जोर लावावा लागतो. मग दहा वर्षांचं पोरगं ते कसं उघडणार? आणि पायरी बघा. सगळ्यात खालच्या पायरीवर तुमच्या मुलाचा पाय आरामात पडतो का, की ते गुडघा टेकून चढतं, आणि दाराच्या आत हाताला धरायला दांडा आहे का, असला तर त्याचा हात तिथे पोचतो का. सहावीतल्या मुलाला जमतं ते ज्युनिअर केजीतल्याला जमत नाही, तेव्हा आपल्या मुलाला सोबत नेऊनच बघा.

व्हॅन आणि रिक्षा

सगळ्यांना मोठी बस परवडत नाही किंवा गल्लीत येत नाही, हे मला माहितीये. लाखो घरांतली पोरं व्हॅनने नाहीतर रिक्षाने जातात, त्यांना नुसतं "पाठवू नका" म्हणून उपयोग नाही. पण मग डोकी मोजा. रिक्षा ३ प्रवाशांची असते. त्यात आठ-दहा पोरं, दोन ड्रायव्हरच्या शेजारी, दप्तरं बाहेरच्या बाजूला लटकवलेली, हे रोज दिसतं म्हणून ते नॉर्मल होत नाही. रिक्षावाल्या काकांशी चार घरांनी मिळून बोला, पोरं कमी घ्या आम्ही थोडे पैसे वाढवून देतो असं स्पष्ट सांगा, कारण त्यांचाही हिशोब डोक्यांवरच चालतो आणि पैसे न वाढवता पोरं कमी करा म्हटलं की ते तुमच्या तोंडावर हो म्हणतात आणि पुढच्या कोपऱ्यावर दोन घेतात. ड्रायव्हरच्या शेजारी कुणीही बसणार नाही ही अट तरी सोडू नका, ब्रेक लागला की तिथलं मूल सरळ बाहेर जातं. उजवीकडची बाजू दांड्याने किंवा जाळीने बंद पाहिजे.

व्हॅनमध्ये मागचं दार उघडायला लावा. सीएनजीचा सिलिंडर कुठे आहे, त्याच्यावर फळी टाकून पोरं बसवलीत का, ते दिसेल. कंपनीच्या सीटच्या मध्ये जादाची फळी टाकलेली असेल तर तिला ना बेल्ट ना पाठ, त्या फळीवरचं मूल धडकेत कशालाच अडत नाही. सीएनजी किटची टेस्टिंग कधी झाली ते विचारा, किटजवळ तिची प्लेट लावलेली असते. आणि सरकत्या दाराचं लॉक! आतून मुलांना उघडता येतं का हे स्वतः बघा, चाइल्ड लॉक लावलेलं पाहिजे आणि दार उघडायला ड्रायव्हरने किंवा मावशींनी खाली उतरलं पाहिजे.

स्टॉप कुठला घ्यायचा

बसवाले सांगतील तोच स्टॉप घ्यावा लागतो असं नाही, निदान बोलून तरी बघा. चांगला स्टॉप म्हणजे बसचं दार उघडतं त्या बाजूला फूटपाथ किंवा गेट आहे, बसला रिव्हर्स घ्यावी लागत नाही, आणि मागून येणाऱ्याला थांबलेली बस लांबून दिसते. वळणावर, उड्डाणपूल उतरतो तिथे, किंवा भाजीच्या गाड्या लागतात तिथे स्टॉप नको. आपल्याकडे बस रस्त्याच्या डाव्या कडेला थांबते, दार डावीकडे, म्हणजे तुमचं घर समोरच्या बाजूला असेल तर एकदा सकाळी नाहीतर दुपारी रस्ता ओलांडावाच लागतो. बसला थोडा वळसा पडून ती तुमच्या बाजूने येत असेल तर तो वळसा मागा, चार-पाच घरं मिळून मागितलं तर बरेचदा मिळतो.

रिव्हर्सबद्दल जरा वेगळं सांगते. सोसायटीच्या आत बस यावी असा हट्ट बरेच जण धरतात, ऊन पाऊस लागू नये म्हणून, पण आत आली की तिला वळवायला जागा नसते आणि मग ती मागे घेतात, मागे पोरं सायकल खेळत असतात, आजी बाकावर बसलेल्या असतात. बस मागे घेताना मावशींनी खाली उतरून मागे उभं राहून शिट्टी वाजवलीच पाहिजे, आणि हे होत नसेल तर बस गेटबाहेरच थांबू दे, आपण चार पावलं चालू.

सकाळी पाच मिनिटं आधी खाली या. हे मुलासाठी आहेच, पण ड्रायव्हरसाठीपण आहे. प्रत्येक गेटवर दोन मिनिटं कुणाची तरी वाट बघत बस थांबली की शेवटी शाळेची घंटा गाठायला तो गाडी पळवतो, आणि मग ग्रुपवर आपणच लिहितो की ड्रायव्हर रॅश चालवतो. बस चुकली तर चुकली. स्कूटीवर पोराला बसवून बसचा पाठलाग करायचा, सिग्नलला तिच्या आडवं थांबायचं आणि उजवीकडच्या बाजूने पोराला वर चढवायचं, हे रोज कुणी ना कुणी करतं, आणि मला ते बघूनच पोटात गोळा येतो. बस चुकली की स्वतः सोडा किंवा त्या दिवशी घरी ठेवा.

चढणं आणि उतरणं

आता खरा मुद्दा. सुट्टीच्या दिवशी, किंवा बस उभी असते तेव्हा, ड्रायव्हर काकांना विनंती करा की पाच मिनिटं माझ्या मुलाला तुमच्या सीटवर बसू दे. इंजिन बंद, चावी काढलेली. मूल ड्रायव्हरच्या जागेवर बसलं की तुम्ही बसच्या समोर अगदी बंपरला लागून उकिडवे बसा, म्हणजे तुमची उंची साधारण केजीतल्या पोराएवढी होईल, आणि त्याला विचारा मी दिसतोय का. नाही दिसत. सीट उंच करा, मान पुढे काढा, तरी नाही दिसत. मग उठून एकेक पाऊल मागे जा, प्रत्येक पावलाला परत खाली बसा आणि विचारा, आता? तो "हां दिसला!" म्हणेल तिथे खडूने रेघ मारा. मग डावीकडे मागच्या चाकाजवळ जाऊन तेच करा, आरशात बघायला सांगा, आणि मग मागच्या बाजूला. मुलाने हे स्वतः वरून बघितलं की बसला चिकटून चालू नको हे परत सांगावं लागत नाही, त्याला कळतं की काका रागावलेत किंवा बेफिकीर आहेत म्हणून नाही, त्यांना खरंच दिसत नाही. लहान मुलांना वाटतं मला बस दिसतेय म्हणजे बसला मी दिसतोय. तो समज मोडायला शंभर वेळा ओरडून उपयोग होत नाही, हा प्रयोग एकदा केला तरी होतो. सोसायटीतल्या सगळ्या पोरांना घेऊन करा, त्यांना मजापण येते.

त्या रेघेवरून नियम साधा निघतो. बसच्या चारी बाजूंनी मोठ्या माणसाची चार पावलं, म्हणजे साधारण दहा फूट, ही जागा आपली नाही. बस येताना दिसली की तिच्याकडे जायचं नाही, ती पूर्ण थांबली, दार उघडलं, मावशी खाली उतरल्या किंवा त्यांनी हाक मारली की मगच जायचं, तेही सरळ दाराकडे. उतरलं की सरळ दारापासून लांब, फूटपाथवर, चाकाच्या दिशेने एकही पाऊल नाही.

वस्तू खाली पडली तर? बाटली घरंगळत बसखाली गेली, डबा पडला, क्राफ्टचा कागद उडाला, हे रोज होतं, आणि मूल प्रतिक्षिप्त क्रियेने वाकतं. वाकलं की ते आरशातूनपण गेलं. घरी सरळ सांगून ठेवा की बसजवळ पडलेली कुठलीही वस्तू उचलायची नाही, मावशींना सांगायचं, नाही मिळाली तर नवीन आणू, कुणी रागावणार नाही. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे कारण नवीन बाटली हरवली म्हणून घरी ओरडा बसतो हे पोरांना पाठ असतं, आणि त्याच भीतीने ती वाकतात.

मग लटकणाऱ्या गोष्टी. दप्तराचे लांब पट्टे, बाटलीची गळ्यात अडकवायची दोरी, आयकार्डची लेस, मुलींची ओढणी, रेनकोटच्या टोपीची नाडी. दार बंद होताना यातलं काहीही अडकू शकतं, आणि बस निघाली की मूल सोबत ओढलं जातं. दप्तराचे पट्टे कापून छोटे करा किंवा आत खोचून शिवून टाका. बाटली दप्तरात, गळ्यात नाही. आयकार्डची लेस अशी घ्या की झटका बसला की तिचं क्लिप सुटतं, साध्या गाठीची नको.

आणि रस्ता ओलांडणं. यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ असतात, त्यात पिवळी बस थांबते, बाजूला स्टॉपचा लाल बोर्ड बाहेर येतो, दोन्ही बाजूची वाहतूक थांबते आणि मुलं बसच्या पुढून चालत जातात. ते तिथे ठीक आहे कारण तिथे कायद्याने थांबावं लागतं आणि लोक थांबतात. आपल्याकडे थांबलेल्या बसला उजवीकडून ओव्हरटेक करूनच सगळे जातात, त्यामुळे बसच्या पुढून निघालेलं मूल अचानक टू व्हीलरसमोर येतं, दोघांनाही आधी काही दिसत नाही. तो व्हिडिओ मुलांना दाखवून शिकवू नका. आपला नियम असा की उतरायचं, फूटपाथवर थांबायचं, बस निघून जाऊ द्यायची, रस्ता दोन्हीकडे मोकळा दिसला की मग मोठ्या माणसाचा हात धरून ओलांडायचं. घाई नाही. पुढून नाही, मागूनही नाही.

घ्यायला जाणाऱ्यांसाठी एक कळकळीची विनंती आहे. मुलाला घ्यायला आजोबा येतात, रस्त्याच्या पलीकडे सावलीत उभे राहतात, बस थांबली की हात वर करून प्रेमाने हाक मारतात, "चिंटूऽऽ, इकडे!" आणि दिवसभर शाळेत कंटाळलेलं पोरगं आजोबा दिसल्यावर डावं-उजवं काही न बघता धावत सुटतं. ही हाकच धोकादायक आहे. घ्यायला जो कोणी येईल, आजी-आजोबा, बाबा, कामवाल्या ताई, त्याने बस यायच्या आधी रस्ता ओलांडून दाराच्या बाजूला येऊन उभं राहायचं, हाक मारायची नाही, दारापाशी जाऊन हात धरायचा. आजोबांना गुडघ्यामुळे रस्ता ओलांडणं जमत नसेल तर शेजारच्यांना सांगा, पण पलीकडून हाक नको. उशीर झाला आणि बस आलीच, तर मावशींना फोन करा की मी येईपर्यंत मुलाला आतच ठेवा.

बसच्या आत

थोडक्यात सांगते. बसून राहायचं, बस थांबल्याशिवाय उठायचं नाही, हात-डोकं खिडकीबाहेर नाही, पेन्सिल तोंडात किंवा हातात टोकाने धरून बसायचं नाही, चालत्या गाडीत डबा खायचा नाही कारण घास अडकला तर पहिल्या मिनिटात कुणाला कळत नाही. बेल्ट असेल तर लावायचा आणि नसेल तर शाळेला विचारायचं. केजीतली मुलं ड्रायव्हरच्या मागच्या ओळीत मावशींच्या जवळ, खिडकीकडे, मधल्या वाटेच्या कडेला नकोत, ब्रेक लागला की छोटी मुलं रेक्झिनच्या सीटवरून सरळ घसरतात. वर्षातून एकदा इमर्जन्सी दारातून उतरायची प्रॅक्टिस शाळेने घ्यावी, मोठी मुलं आधी खाली उतरून छोट्यांना हात देतात अशी.

कुणाच्या हातात दिलं, कुणाच्या हातातून घेतलं

मुलाला घ्यायला कोण येऊ शकतं याची यादी फोटोसकट मावशींकडे द्या. यादीत नसलेलं कुणीही आलं, अगदी "मी त्याचा सख्खा मामा" म्हणालं तरी, आधी तुम्हाला फोन. मामांना राग आला तर येऊ दे. मुलालाही एक शब्द ठरवून द्या जो फक्त घरच्यांना माहितीये, आईने पाठवलंय म्हणणाऱ्या माणसाने तो शब्द सांगितला नाही तर त्याच्यासोबत जायचं नाही. दप्तरावर बाहेरून मोठ्या अक्षरात मुलाचं नाव लिहू नका, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मुलाला तो ओळखीचाच वाटतो. नाव-नंबर आतल्या कप्प्यात.

ड्रायव्हर किंवा मावशी बदलल्या तर आदल्या दिवशी मेसेज यायला पाहिजे, नाव आणि फोटोसकट. सकाळी दारात नवीनच माणूस दिसला तर शाळेत फोन लावा आणि खात्री झाल्यावरच चढवा, बस थांबली तर थांबली. मूल त्या दिवशी येणार नसेल तर तेही आधी कळवा, नाहीतर ड्रायव्हर-मावशी शोधत बसतात, आणि नेहमीच असं व्हायला लागलं की तुमच्या मुलाची गैरहजेरी कुणालाच खटकेनाशी होते.

आता एक गोष्ट जी आपल्याला अशक्य वाटते. सप्टेंबर २०२२ मध्ये कतारमध्ये मूळ केरळच्या कुटुंबातली एक ४ वर्षांची मुलगी सकाळी शाळेच्या बसमध्ये झोपली, बाकीची मुलं उतरली, ती आत आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही, बस लॉक करून उन्हात उभी राहिली आणि मुलगी गेली. बंद गाडी उन्हात किती पटकन तापते हे एप्रिल-मे मध्ये विदर्भात राहणाऱ्यांना तरी सांगायला नको. याला उपाय फुकटचा आहे, प्रत्येक फेरी संपली की मावशींनी बसच्या शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, प्रत्येक सीटवर आणि सीटखाली बघायचं, आणि चढलेली डोकी व उतरलेली डोकी वहीत जुळवायची. ड्रायव्हरने दुसऱ्यांदा बघायचं. शाळेला विचारा हे होतं का, कोण करतं, वही दाखवा. आणि मूल वर्गात पोचलं नाही तर शाळेकडून पहिल्या तासाच्या आत घरी फोन येतो का, हेही विचारा, कारण सगळं चुकलं तरी त्या फोनने मूल वाचतं. ट्रॅकिंग ॲप चांगलं आहे पण ते बस कुठे आहे ते सांगतं, तुमचं मूल बसमध्ये आहे का ते सांगत नाही.

मोठ्या पोरांनाही शिकवा की चुकून बंद गाडीत अडकलो तर हॉर्न दाबत राहायचं. बऱ्याच गाड्यांचा हॉर्न चावी नसतानाही वाजतो. आपल्या बसचा वाजतो का हे विचारून घ्या.

पहिलं चढणारं आणि शेवटी उतरणारं मूल

हे बोलायला अवघड जातं पण बोलू. रूटवर सकाळी जे मूल सगळ्यात आधी चढतं आणि दुपारी जे शेवटी उतरतं, ते काही वेळ गाडीत मोठ्या माणसासोबत एकटं असतं. तुमचं मूल त्या जागी असेल तर एकच अट धरा, पहिल्या मुलाच्या आधी मावशी गाडीत असल्या पाहिजेत आणि शेवटचं मूल उतरल्यावरच त्या उतरतील. बऱ्याच ठिकाणी मावशींचं घर वाटेत असतं म्हणून त्या आधीच उतरतात, सोयीचं असतं, पण चालणार नाही.

मुलाशी रोज साधं बोला. "आज बसमध्ये काय झालं" असं विचारलं तर "काही नाही" हेच उत्तर येतं, त्यापेक्षा आज कुणाशेजारी बसलास, कोण रडलं, काका कुठलं गाणं लावतात, मावशी कुठे बसतात असं विचारा. झाकलेल्या जागी कुणी हात लावायचा नाही, लावला तर जोरात नाही म्हणायचं आणि घरी सांगायचं, आणि "हे आपलं सिक्रेट" असं कुठलाही मोठा माणूस म्हणाला तर ते नक्की सांगायचं. मूल अचानक बसने जायला नाही म्हणत असेल, रात्री दचकत असेल, अंथरूण ओलं करायला लागलं असेल तर अभ्यासाचा कंटाळा म्हणून सोडून देऊ नका. मोठी मुलंही त्रास देतात, डबा हिसकावणं, मागच्या सीटवर बोलावून घाण व्हिडिओ दाखवणं, तेही विचारा.

काही सांगितलंच तर मुलावर विश्वास ठेवा, परत परत खोदून विचारू नका, आणि स्वतः ड्रायव्हरला जाब विचारायला धावू नका. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलिस) ला फोन करा. २०१२ च्या पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्याला पोलिसांना कळवावंच लागतं, शाळेलासुद्धा, "आपण आतच मिटवू" म्हणायचा अधिकार कुणाला नाही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, वर्दी न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलिस स्टेशनात ठेवता येत नाही. हे माहिती असलं की बरेच पालक घाबरून गप्प बसतात ते बसणार नाहीत.

पावसाळा आणि एसटी

आपल्याकडे शाळा आणि पाऊस एकदमच सुरू होतात. रेनकोट भडक रंगाचा घ्या, पिवळा-केशरी, काळा-निळा नको. टोपी अशी पाहिजे की मान वळवली तर डोळ्यांसोबत वळते, नाहीतर पोराला बाजूचं काही दिसत नाही. दप्तरावरून घालायचा मोठा रेनकोट असेल तर तो पायात येतो आणि पायरीवर पाय अडकतो, लांबी बघून घ्या. चढता-उतरताना छत्री बंद. पुलावर किंवा नाल्यावर पाणी वाहत असेल तर बस त्यातून जाणार नाही, मागे फिरेल किंवा थांबेल, हे जून सुरू होतानाच ड्रायव्हरला आणि शाळेला लेखी सांगून ठेवा आणि मुलं दोन तास उशिरा आली तरी कुणी ओरडणार नाही हेही सांगा. वरून फोनवर फोन आले की माणूस पाण्यात गाडी घालतो.

गावाकडे बऱ्याच ठिकाणी स्कूल बस नाहीच, एसटी हीच शाळेची बस. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसपण मुलींसाठी धावतात, पण शाळा सुटल्यावर स्टँडवर जी झुंबड उडते ती बघवत नाही. बस फलाटाला लागायच्या आधी तिच्यासोबत पळणं, जागा धरायला खिडकीतून दप्तर टाकणं, मग त्या दप्तरामागे चालत्या गाडीला लटकणं. दप्तर खिडकीतून टाकायचं नाही, एवढं एक जरी गावातल्या पोरांनी पाळलं तरी पळण्याचं कारणच संपतं. शाळेने सुटायच्या वेळी एक शिक्षक स्टँडवर उभा करावा आणि रांग लावावी, आगार व्यवस्थापकांना पत्र देऊन शाळेच्या वेळेची गाडी वाढवून मागावी, ग्रामपंचायतीचा ठराव जोडला तर पत्राला वजन येतं. शेवटची गाडी चुकली तर मुलींनी काय करायचं, कुणाच्या घरी थांबायचं, कुणाला फोन करायचा, हे आधी ठरलेलं पाहिजे.

तक्रार कुठे करायची

२०११ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, मुख्याध्यापक अध्यक्ष, त्यात पालकांचा प्रतिनिधी, पोलिस आणि आरटीओचा माणूसही असतो, आणि तिची दर ३ महिन्यांनी बैठक व्हायला पाहिजे. आपल्या शाळेच्या समितीत पालकांतर्फे कोण आहे ते विचारा. कुणालाच माहिती नसेल तर तुम्हीच नाव द्या, खरंच द्या. तक्रार करताना "ड्रायव्हर नीट चालवत नाही" असं मोघम लिहू नका, तारीख, वेळ, गाडी नंबर, जागा, काय बघितलं ते लिहा, मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या. आठ दिवसांत काही झालं नाही तर तेच पत्र आरटीओला. ड्रायव्हर दारू पिऊन आला असेल तर पत्र-बित्र नाही, मुलांना खाली उतरवा आणि ११२ लावा. अपघात झाला तर १०८ ला ॲम्ब्युलन्ससाठी, मान किंवा पाठ दुखतेय म्हणणाऱ्या मुलाला आग किंवा पाण्याचा धोका नसेल तर हलवू नका.

आणि काका गाडी चालवत असताना त्यांना फोन करू नका. कुठे पोचलात, अजून किती वेळ, आज स्वेटर विसरला का बघा, हे सगळं मावशींना विचारा, त्यांचा नंबर ग्रुपवर वर पिन करून ठेवा आणि ड्रायव्हरचा नंबर ग्रुपवरून काढून टाका. पंचवीस घरांतून एकेक फोन आला तर तो माणूस रस्ता कधी बघणार.